देवाच्या तोंडी घातलेला माझा शब्द

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. म्हणजे — एकदा सांगितली. भर सकाळी, देवळात, अख्ख्या वाडीसमोर, आणि तीही माझ्या आवाजात. मालवणच्या जेटीवर हा आवाज लावला तर समोरच्या किल्ल्यातल्या विहिरींचं पाणी हलतं. पण ऐकली कुणी नाही, तेव्हा ती धरायची नाही. सांगितलं असं कधी म्हणावं — तोंडातून बाहेर पडलं की, का कुणाच्या कानात शिरलं की?

तुमच्या कानात शिरेल असं वाटतं, म्हणून लिहितो. लिहिताना आवाज काढता येत नाही, हे एक बरं आहे.

माझं नाव बाबल. मालवणातून तारकर्लीकडे निघालात की आमची वाडी लागते. कुणालाही विचारा, माझं घर दाखवतील आणि वर सांगतील, "तेचा सगळा खरा मानू नकात हां." बरोबर आहे त्यांचं. मी वाढवून सांगतो. माझ्या हाताला लागलेला बांगडा घरी पोचेपर्यंत सुरमई होतो, आणि त्याची गोष्ट बाजारात पोचेपर्यंत त्याने मलाच गिळलेलं असतं. याची मला कधी लाज वाटली नाही. मी वाढवतोय हे लोकांना ठाऊक असतं, त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक असतं — मग त्यात खोटं ते काय राहिलं? पण ज्या दिवसाबद्दल सांगायचंय, त्या दिवशी मी वाढवलं नव्हतं. त्या दिवशी मी खोटं बोललो. दोन्हींतला फरक मला तोवर कळत नव्हता असं म्हणायला फार आवडलं असतं. कळत होता.

वाडीत दोन कामं माझ्याकडे. पहिलं माइकचं. कबड्डी असो, होड्यांची शर्यत असो, हिवाळ्यात समुद्रात पोहण्याची स्पर्धा असो — समालोचन बाबलचं. दुसरं गाऱ्हाण्याचं. बाहेरगावच्या वाचकासाठी सांगतो: आमच्याकडे लग्न असो, नवी होडी असो, नाटकाचा नारळ असो, आधी देवासमोर उभं राहून एकाने सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं. बोलायचं म्हणजे ओरडायचं. "बा देवा रवळनाथा, आज जी लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत, तेंका सांभाळून घे रे म्हाराजा!" की मागच्या सगळ्यांनी एका तोंडाने म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" हा मान आमच्या घराकडे.

आणि आता आतली गोष्ट. गाऱ्हाण्यातले शब्द कुणी ऐकत नाही. लोक आवाज ऐकतात. आवाज चढतो, चढतो, 'रे म्हाराजा'वर उतरतो, की व्हय. कुणी मोबाइल बघत असतो, कुणी पोराचं नाक पुसत असते, पण व्हय चुकत नाही. 'माझ्या म्हशीक दोन शेपटे दी रे म्हाराजा' असं मी मध्येच घातलं तरी व्हय येईल. एकदा घातलं होतं. आलं. घरी येऊन मी पोट धरून हसलो होतो. ती गंमत होती — आणि माणूस आपल्या गमतीतूनच शिकतो, नाही का?

आता रसिका.

रसिका ही नारूची मुलगी. नारू रापणकार, किनाऱ्यावर उभं राहून समुद्रातलं लांबच लांब जाळं ओढणाऱ्यांतला. पोर पायावर उभी राहायच्या आधी पाण्यात गेली. या गोष्टीच्या वेळी ती नववीत होती. बोलणं जवळजवळ नाहीच. काही विचारा, 'हूं'. पण पाण्यात पडली की — इथे मला वाढवायची गरज नाही, आणि तीच माझी अडचण होती. माइकवर मी तिच्याबद्दल जे जे फेकायचो, ते ती थोड्या वेळाने खरं करून दाखवायची. 'बघा, ही पोर लाटेच्या आधी किनाऱ्याक लागतली!' — लागायची. माझ्या जातीच्या माणसाला असं कुणी भेटू नये हो. आमचं दुकानच बसतं.

हायस्कूलला खेळाच्या शिक्षिका होत्या फर्नांडिस बाई. गळ्यात शिटी, डोक्यावर टोपी, आणि जीभ अशी की समोरचा मुख्याध्यापक असला तरी रांगेत उभा राहील. त्यांनी कोल्हापूरच्या पोहण्याच्या तलावावर एका प्रशिक्षकाशी बोलून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं एकच: "बाबलभाऊ, दर्यात ता चेडू राणी आसा. पण मोठे स्पर्धे तलावात होतत. आणि दर्याक भिंत नसता." तलावात एका टोकाला पोचलं की पाण्यातच कोलांटी घेऊन भिंतीला पाय मारायचा आणि परत सुटायचं. ते आमच्या चेडवाला, म्हणजे पोरीला, कोण शिकवणार? समुद्रात कशाला पाय मारणार — आफ्रिकेला? तेव्हा कोल्हापूर. तिथे राहणं, खाणं, शिकवणी. नारूच्या रापणीत ते बसणारं नव्हतं.

तिथे सुहासशेठ आला. कुडाळकडचा, कोकम सरबताचा कारखाना असलेला. त्याने सांगितलं, रसिकाचा फोटो बाटलीवर लावू, हमरस्त्यावर फलक लावू, आणि कोल्हापूरचं सगळं मी बघतो. शाळेतली पोर आणि जाहिरात! वाडीत पंधरवडाभर दुसरा विषय नव्हता. माशाचा भाव विचारायला गेलेला माणूससुद्धा आधी आपलं मत देऊन मग भाव विचारायचा.

आणि मी इतका वेळ गोल गोल का फिरतोय, ते आता सांगायलाच हवं. त्या बाटलीवर आधीपासून एक चेहरा होता.

माझा.

हो. मिश्या, लाल फेटा, हातात पेला. या सरबताची एक बाटली पिऊन मी मोरीशी, म्हणजे शार्क माशाशी, शर्यत लावली आणि मोरी दमून माझ्या होडीत बसून परत आली — ही गोष्ट मी रिक्षावरच्या कर्ण्यातून रेडीपासून पार देवगडापर्यंत ऐकवलेली. पोरं रस्त्यात अडवून विचारायची, "काका, मोरी खंय आसा?" मी म्हणायचो, "घराकडे झोपली हा, बारीक ताप आसा तिका." बाजारात दुकानाच्या फळीवर रांगेने मी उभा असायचो. तुम्ही कधी स्वतःला रांगेने उभं असलेलं पाहिलंय? त्याची चटक लागते.

सुहासशेठने मला एकट्याला बोलावलं. चहा पाजला. जुन्या लेबलाच्या बाटल्यांचं एक खोकं भेट म्हणून पायाशी ठेवलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाबलभाऊ, तुमचा सगळा झकास आसा. पण आता लोकांका कायतरी खरा होया."

कायतरी खरा.

त्याने शिवी दिली असती तर मी विसरलो असतो. मी हसलो. 'वा वा शेठ, पोर गुणाची आहे' म्हणालो. खोकं खांद्यावर टाकून घरी आलो आणि कुणाला काही बोललो नाही. बायकोलाही नाही. तिने विचारलं, खोकं कसलं? मी म्हटलं, खूश झालाय शेठ माझ्यावर.

करार पक्का करायच्या आदल्या सकाळी नारूने देवळात नारळ ठेवला. पोरीचं चांगलं व्हावं म्हणून गाऱ्हाणं. सगळे आले. बाई दाराशी चपला काढून हात जोडून उभ्या. सुहासशेठ स्वतः आला होता, पांढऱ्या शर्टात. गाऱ्हाणं जिचं, तिने पुढे उभं राहायचं असतं. म्हणून रसिका माझ्या शेजारी, हातात नारळ. मी सुरू केलं. पूर्वज घेतले, चारी सीमा घेतल्या, दर्या घेतला, होड्या घेतल्या. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. लय लागली. आणि मग — मी ठरवून गेलो होतो का? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नाही, ते आपोआप आलं. तर ऐका. वाक्य मी सकाळी आंघोळ करताना जुळवलं होतं. शब्द कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, तेसुद्धा.

"बा देवा, ह्या चेडवाच्या अंगात पाण्याचो गूण तू घातलंस. तो गूण बाटलीर चिकटवन बाजारात मांडूची बुद्धी हेंका कोणाक देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. नारू म्हणाला. रसिकाची आई म्हणाली. सुहासशेठ — ज्याची बाटली तो — डोळे मिटून, छातीवर हात ठेवून सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. मी लगेच गाईगुरांवर गेलो, पावसावर गेलो, नारळ फोडला, प्रसाद वाटला.

एकच तोंड हललं नव्हतं. शेजारच्या पोरीचं. ती माझ्याकडे बघत होती. मी मनात म्हटलं, ती कुठे बोलते? तिचा स्वभावच तसा.

बरं, इथपर्यंत काय झालं होतं? खरं तर काहीच नाही. कुणी ऐकलंच नव्हतं! मी गप्प बसलो असतो तर दोन शेपटांच्या म्हशीसारखं तेही वाऱ्यावर गेलं असतं. पण मी गप्प बसलो नाही. कबुली द्यायची ती खरी इथून पुढची.

त्याच संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेलो. नारू जाळ्याची भोकं सांधत बसला होता. मी शेजारी बसलो, चेहरा पाडला. नाटकातलं काम मी पुष्कळ केलंय, पण असं झकास कधी वठलं नाही.

"नारू, सकाळी माझ्या तोंडातसून काय गेला, तुका कळला काय?"

"काय गेला?"

मी शब्दन्‌शब्द सांगितला. त्याची सुई थांबली. मग मी आवाज आणखी उतरवला. म्हणालो, "ता मी नाय बोललंय रे. माका वेगळाच बोलूचा होता. रवळनाथानच माझ्या तोंडातसून ता काढून घेतल्यान."

झालं. एवढंच. हे ते वाक्य. ते शब्द माझे नव्हते, देवाचे होते — ही माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लहान थाप. ना मोरी, ना सुरमई. आणि ज्याला ती मारली तो माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे रापणीचं जाळं सोडायला होडी घेऊन समुद्रात जाणार होता. जो समुद्रात जातो तो देवाशी हुज्जत घालत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच्या भीतीची जागा मला ठाऊक होती, म्हणून मी बरोबर तिथे बोट ठेवलं.

नारूने सुई जाळ्यात खोचून ठेवली आणि म्हणाला, "देवाक व्हय म्हटलंय बाबलभाऊ. आता नाय कसा म्हणू?"

करार मोडला. फर्नांडिस बाई तरातरा माझ्या अंगणात आल्या. "देवाक सांगूचा होता तर नारूक सांगता, चेडवाक सांगता. तुमच्या तोंडाचीच काय गरज पडली तेका?" मी आकाशाकडे बोट दाखवलं. दुसरं काय दाखवणार? मग मी तत्त्वावर आलो. म्हटलं, बाई, शाळेतली पोर आहे. खेळ म्हणजे साधना. कोवळ्या वयात पैसा शिरला की अभ्यास जातो, मैत्रिणी तुटतात. आणि उद्या हरली की हाच शेठ तिला बाटलीवरून सोलून काढेल.

शेवटचं वाक्य मी फार मनापासून बोललो. का ते तुम्हाला आता कळतंय.

बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या — त्यांचं बोलणं मला अजून पाठ आहे — "स्पर्धेचो कापडी फलक तिच्या फोटोवर चलता, तेतूर हॉटेलवाल्याचा नाव मोठा. पुढारी तिचा अभिनंदन करता, तेतूर तेचो फोटो तिच्यापेक्षा मोठो. तुम्ही माइकवर तिचा नाव घेतास, तुमका नारळ आणि पाकीट. तिच्या पोवण्यावर सगळ्यांचा पोट भरता. साधना फकत चेडवानच करूची?" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुमचो देव, तुमचा गाऱ्हाणा. माका तेतूर बोलूक येना नाय." आणि गेल्या. क्रॉस घालणारी बाई. आमच्या रवळनाथाच्या शब्दाला खोटं कसं म्हणणार? तेही मी धरूनच चाललो होतो. मी किती हुशार होतो, बघा.

आणि गंमत अशी की लोकांना माझं तत्त्व आवडलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला भाषणाला बोलावलं — 'खेळ आणि बाजार'. शाल दिली. पुढे जिल्ह्यात कुठे शाळेतल्या खेळाडूला जाहिरात मिळायचा विषय निघाला की माझं मत विचारायचे. मी द्यायचो. ती मतं काही वाईट नव्हती हो! अजूनही त्यातली निम्मी मला पटतात. कोवळ्या पोराला फलकावर चढवून वाऱ्यावर सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. पण चांगलं मत वाईट पोटातून आलं तर त्याचं काय करायचं? फेकायचं, की धुऊन वापरायचं?

बाटलीवर मीच राहिलो. शेठला नवा चेहरा मिळेपर्यंत कितीतरी काळ फळीवर रांगेने मी उभा.

रसिका अकरावीत गेली तेव्हा राज्याच्या शालेय स्पर्धा जवळच्या शहरात होत्या, तलावात. बाईंनी वाडीतून टेम्पो भरून माणसं नेली. मी अर्थात पुढच्या सीटवर. वाटेत पिंगुळीपर्यंत मी सगळ्यांना हसवत होतो. आता जे सांगतो त्यात एक थेंब वाढवलेला नाही. शिटी वाजली. रसिका सुटली. अर्ध्या तलावापर्यंत ती सगळ्यांच्या पुढे — स्पष्ट पुढे. मग भिंत आली. बाकीच्या पोरी कोलांटी घेऊन बाणासारख्या सुटल्या. रसिकाने हाताने भिंत धरली, वळली, पायाने ढकललं. ती मागे पडली. पुन्हा पाण्यावर पुढे आली. पुन्हा भिंत. पुन्हा मागे. सरळ पाण्यात ती प्रत्येक वेळी जिंकत होती, आणि भिंतीपाशी प्रत्येक वेळी हरत होती. पदक नाही. काहीच नाही.

आमची माणसं म्हणाली, नशीब. बाईंनी फक्त माझ्याकडे एकदा बघितलं. मी खिशातून शेंगदाणे काढून खायला लागलो. त्या संपूर्ण टेम्पोत ती भिंत कुणी बांधली हे ठाऊक असलेला माणूस मी एकटा होतो. येताना मी गाणी म्हटली. सगळ्यांत मोठ्याने.

तुम्हाला वाटेल, पुढे मला झोप लागली नाही, मी झिजलो वगैरे. छे. मी व्यवस्थित झोपलो, व्यवस्थित जेवलो. फक्त एक झालं. गाऱ्हाणं घालताना माझा आवाज 'रे म्हाराजा'वर उतरला की मागून व्हय येईपर्यंतची जी सूतभर जागा असते ना, ती मला ऐकू यायला लागली. आधी ती नव्हती. पुढे ती रुंदावत गेली. लोकांना वाटायचं, बाबलभाऊ आता दम घेऊन घालतो, वयानुसार.

रसिका आता तारकर्लीला असते. पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचं काम करते आणि संध्याकाळी वाडीतल्या पोरांना पोहायला शिकवते — खाडीत. तिथे तिने एक गोष्ट केलीय. एका मोडक्या होडीची अख्खी बाजू घेतली, खाडीत खांब पुरले आणि ती फळी त्यावर उभी ठोकली. भिंत. पोरं पोहत येतात, कोलांटी घेतात, त्या फळीला पाय मारतात आणि सुटतात. कोलांटी ती स्वतः मोबाइलवर बघून बघून शिकली, मोठेपणी. मी पहिल्यांदा ती फळी पाहिली तेव्हा पुलावरच गाडी थांबवली होती. मागच्या बसवाल्याने जी शिवी घातली ती इथे लिहिता येत नाही, पण तिच्यात दम होता.

यंदा तिच्याकडच्या आर्या नावाच्या नववीतल्या पोरीला मुंबईच्या एका कंपनीने विचारलं — पोहण्याचे चष्मे, कपडे वगैरे करतात ते. त्यांना तिच्या रील हव्यात. वाडीत पुन्हा तोच विषय. अभ्यासाचं काय, लोक काय म्हणतील, पैसा डोक्यात गेला तर? फर्नांडिस बाई निवृत्त झाल्यात, पण शिटी अजून गळ्यात आहे. त्यांनी कंपनीला अटी घातल्या — परीक्षेच्या दिवसांत चित्रीकरण नाही, आणि हरली तरी वर्ष पुरं करायचं. आर्याची आजी म्हणाली, सगळं ठीक, पण आधी देवाला सांगा.

म्हणून रसिका माझ्या अंगणात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बसली नाही. पाणी घेतलं नाही. म्हणाली, "काका, उद्या गाऱ्हाणा घालूक येवा." मी म्हटलं, येतो की. ती वळली, आणि फाटकातून मागे न बघता म्हणाली, "ह्या टायमाक सावकाश घाला. माका ऐकूचा आसा."

तिला किती ठाऊक आहे? ते मी आजतागायत विचारलेलं नाही. पण सकाळी आंघोळ करताना मी वाक्य जुळवलं नाही, एवढं सांगतो.

देऊळ भरलेलं. पुढे आर्या नारळ घेऊन, तिच्या मागे रसिका. मी सुरू केलं. पूर्वज, सीमा, दर्या, होड्या. मग ती सूतभर जागा आली आणि मी तिच्यात पाय घातला.

"बा देवा, रसिकाच्या टायमाक हयसर जो शब्द गेलो, तो तुझो नाय होतो, माझो होतो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी थांबलो. कुणी दचकलं नाही. पुढे गेलो.

"बाटलीवरसून माझा तोंड जाताला, म्हणान माझ्या पोटात आग पडलेली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझा नाव घेवन मी नारूक फसयलंय, आणि ता चेडू भिंतीकडे हरला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" — आणि त्यात नारूचा आवाज होता. म्हातारा झालाय, कमी ऐकू येतं, पण व्हय अगदी वेळेवर.

काय सांगू तुम्हाला! घामाने मी भिजलो होतो, आणि मागे अख्खी वाडी माझ्या पापाला टाळ धरत होती. एकाने तर जांभई देत व्हय म्हटलं. बाहेर आल्यावर लोक पाठीवर थाप मारत होते: "बाबलभाऊ, आजचा गाऱ्हाणा एकदम फस्टक्लास! खूप दिसांनी असो आवाज लागलो!" मला हसू फुटलं. मी देवळाच्या पायरीवर बसून इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नक्की कशाचं ते मलाही कळेना. पोटातून एखादं जहाज नांगर उचलून निघून जावं तसं — रेडीच्या बंदरातून लोखंडाची माती भरून निघतं ना, तेवढं. घरी जाऊन बांगड्याचं तिखलं आणि भात असा जेवलो की बायको टोप आपटून म्हणाली, माका कायतरी ठेवा.

आर्याचा करार झाला. मला तिची काळजी वाटते — खरीखुरी, पहिल्यांदाच. शाळेतल्या पोरांनी खेळावर पैसे मिळवावेत की नाही, हे आता कुणी विचारलं तर मी माइक पुढच्याच्या हातात देतो. रसिका कोल्हापूरला गेली असती तर जिंकली असती का? कुणी सांगावं. तिथेही हरली असती कदाचित. पण ते तिचं हरणं झालं असतं. जे झालं ते माझं होतं, आणि मी ते देवाच्या नावावर चढवून तिच्या गळ्यात घातलं. हेवा होता. मला भुरळ पडली नव्हती, तोंड घसरलं नव्हतं, कुणी भाग पाडलं नव्हतं.

देवळात एक तोंड हललं नव्हतं, ते राहिलंच. रसिकाचं. या वेळीही नाही. प्रत्येक वाक्याला ती माझ्याकडे बघत होती, तशीच. गाऱ्हाण्याच्या शेवटी मागणं असतं — हे दे, ते सांभाळ, चूकभूल पोटात घाल. त्या दिवशी आर्यासाठीचं सगळं मागितलं, पण माझी चूकभूल पोटात घाल असं घातलं नाही. इथेही घालत नाही.

काल संध्याकाळी मी खाडीवर गेलो. का गेलो ते विचारू नका, पाय गेले. रसिका कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, पोरं एकामागून एक येत होती. मी काठावरून उतरून त्या फळीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. फळीला शेवाळ धरलंय, आणि पोरांचे पाय जिथे लागतात तिथे ती गुळगुळीत झालीय. मी रसिकाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"काका, जरा बाजूक सरा," ती म्हणाली. "पोरांका भिंत दिसना नाय."

मी बाजूला सरलो.